‘दोन शब्द’

“ताई, तुम्हालाही दोन शब्द बोलायचेत बरं का,” असा फोन आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हे दोन शब्द दोन नसतात, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. माझे दहा मिनिटांचे होते. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले ते सर निवृत्त होत होते. समारंभाला सव्वीस दिवस होते. मी “हो, बोलेन की” असं इतक्या सहज म्हणून गेले, की फोन ठेवल्यावर माझी मलाच चीड आली.

कारण मला बोलता येत नाही. म्हणजे गप्पा मारताना येतं, भांडताना तर उत्तम येतं. समोर खुर्च्या मांडल्या की येत नाही. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत मी झोकात पोहोचले होते. पुढचं वाक्य काय होतं ते आज झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. त्या दिवशी मात्र ते गायब झालं. मग मी पुन्हा ‘अध्यक्ष महाशय’पासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा ‘अध्यक्ष महाशय’ म्हटल्यावर अध्यक्ष महाशयांनीच हातानं मला खाली बसायची खूण केली.

त्या तीन ‘अध्यक्ष महाशयां’मुळे गांधीजींनी स्वतःबद्दल सांगितलेला एक किस्सा मला फार जवळचा वाटतो. १८९१ साली बॅरिस्टर होऊन लंडन सोडताना त्यांनी आपल्या शाकाहारी मित्रांना जेवण दिलं. तिथे विनोदी भाषण करायचं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी अ‍ॅडिसन या इंग्रज लेखकाबद्दलची एक गोष्ट तयार ठेवली होती. हा अ‍ॅडिसन पार्लमेंटात पहिल्यांदा बोलायला उठला आणि ‘माझी अशी धारणा आहे’ एवढंच तीनदा म्हणून अडकला. इंग्रजीत त्या क्रियापदाचा दुसरा अर्थ गर्भ राहणं. तेव्हा कुणीतरी उठून म्हणालं, या गृहस्थांना तीनदा धारणा झाली, पण जन्माला काहीच आलं नाही. गांधीजी ही गोष्ट सांगायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यानंतर पुढचं सगळं विसरले. आल्याबद्दल आभार मानून खाली बसले. अडखळणाऱ्यावरचा विनोद सांगायला उठलेला माणूस विनोदाच्या उंबरठ्यावरच अडखळला. पुढे त्याच माणसाचं बोलणं ऐकायला लाखो लोक जमत, हे मला माहीत आहे. पण सव्वीस दिवसांत मला त्याचा काही उपयोग नव्हता.

पहिले बारा दिवस मी तयारी केली नाही, तयारीचा विचार केला. या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस तळघरात बसून सराव करायचा आणि लाजेनं बाहेर पडता येऊ नये म्हणून अर्धं डोकं भादरून घ्यायचा, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. उच्चार सुधारावेत म्हणून त्यानं तोंडात धरलेले गोटे सगळ्यांना माहीत असतात. मला मात्र ते अर्धं डोकं जास्त पटतं. तोंडाच्या अडचणीवर गोटे असतील, पण चालढकलीवर काहीतरी जालीमच लागतं.

तेराव्या दिवशी बसून भाषण लिहून काढलं. एकटाकी. आणि खोटं कशाला सांगू, वाचून माझी मीच खूश झाले. चौदाशे शब्द, एकाहून एक वाक्यं. मुलगा शेजारी पाय पसरून बसला होता, त्याला म्हटलं, ऐक. आणि वाचायला लागले: ‘ज्यांनी आपल्या तीन दशकांच्या कारकिर्दीत केवळ कामाचाच नव्हे, तर कामाकडे पाहण्याच्या निकोप दृष्टीचाही वारसा आपल्या सहकाऱ्यांच्या हाती कोणताही गाजावाजा न करता सोपवला, त्या आपल्या सर्वांच्या लाडक्या…’ इथे माझा श्वास संपला. मुलगा म्हणाला, “आई, हे कुणाबद्दल आहे?”

प्रश्न बरोबर होता. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. कागदावर ते चालतं, कारण डोळा पुढे धावून क्रियापद गाठतो, नाही कळलं तर मागे येतो. कानाला ही सोय नाही. ऐकणारा कर्ता, कर्म, विशेषणं, सगळं हातात धरून ‘याचं पुढे काय झालं?’ म्हणत ताटकळत उभा राहतो, आणि क्रियापद येईपर्यंत निम्मं सामान त्याच्या हातून खाली पडलेलं असतं. त्यात आपण लिहायला बसलो की अंगात कोण संचारतं देव जाणे, ‘दिलं’च्या जागी ‘देण्यात आलं’ येतं, ‘तेव्हा’च्या जागी ‘त्याप्रसंगी’. बोलताना मी आयुष्यात कधी ‘त्याप्रसंगी’ म्हटलेलं नाही. मी ते वाक्य मोडलं. ‘सर इथे तीस वर्षं होते. त्यातली अठरा मी पाहिली. त्यांनी कधी आवाज चढवला नाही.’ तीन वाक्यं, तीन क्रियापदं, मध्ये दोनदा श्वास घेता येतो. कागदावर ती अगदीच बापुडवाणी दिसत होती. मोठ्यानं म्हटल्यावर मात्र मुलगा मोबाईलमधून मान वर काढून म्हणाला, “कधीच नाही?”

त्या संध्याकाळी मला जे कळलं ते खरं तर पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. लिहिलेलं भाषण म्हणजे भाषणाचा कच्चा माल. ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचं वजन कळत नाही. मनातल्या मनात वाचताना मी कुठेच अडखळत नव्हते, कारण मनाला जीभ नसते आणि फुप्फुसंही नसतात.

मग पाठांतराचा प्रश्न आला. लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण आटोपशीरपणाचा नमुना म्हणून सगळेच सांगतात: १९ नोव्हेंबर १८६३, जेमतेम पावणेतीनशे शब्द, दोन-तीन मिनिटांत संपलं. मला कुतूहल आहे ते त्या दिवशीच्या मुख्य वक्त्याचं. एडवर्ड एव्हरेट, वय एकोणसत्तर. सैनिकांच्या दफनभूमीचा तो समारंभ आधी २३ ऑक्टोबरला ठरला होता. इतक्या कमी वेळात माझी तयारी होणार नाही असं एव्हरेटनं कळवलं आणि चक्क समारंभच पुढे ढकलला गेला. मग तो दोन तास बोलला. तेरा हजारांहून जास्त शब्द, तेही कागदात न बघता. दुसऱ्या दिवशी त्यानं लिंकनला पत्र लिहिलं, की तुम्ही दोन मिनिटांत विषयाच्या गाभ्याजवळ जेवढे गेलात तेवढा मी दोन तासांत गेलो असेन तर मला आनंद वाटेल. त्याची स्मरणशक्ती मोठी, हे तर झालंच. पण पाठ केलेल्या तेरा हजार शब्दांनंतर असं पत्र लिहायला मनही मोठं लागतं.

मला तेराशेही पाठ होत नव्हते. चार दिवस झटले. होतं काय, की पाठ केलेलं भाषण पाढ्यासारखं असतं. सतराचा पाढा मध्येच तुटला की सतरा साते आठवत नाही. पुन्हा सतरा एके सतरापासून गाडी सोडावी लागते. मी सातवीत तीनदा ‘अध्यक्ष महाशय’ का म्हटलं असेन, त्याचा उलगडा मला असा इतक्या वर्षांनी झाला. मला भाषण येत होतं, पण दरवाजा एकच होता आणि तो सुरुवातीला होता.

यावर उपाय मुलानं काढला, अर्थात त्याला तो उपाय वाटत नव्हता, खेळ वाटत होता. मी पाच कार्डं केली होती. प्रत्येकावर एकदोनच शब्द: पहिला दिवस, लाल शाई, चुकलेला हिशेब, छत्री, निरोप. तो कार्डं पिसायचा आणि एक ओढून म्हणायचा, “आता लाल शाईपासून.” की मी उठून तिथूनच बोलायचं. आधी वैताग आला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की प्रत्येक मुद्द्याला आता स्वतंत्र दार बसलंय. शब्द दर वेळी थोडे वेगळे येत, पण मुद्दा कुठे सुरू होतो आणि कुठल्या वाक्यावर संपतो हे पक्कं होत गेलं. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य एवढी दोनच मी शब्दशः पाठ केली. पहिलं अशासाठी, की तेव्हा डोकं चालत नसतं. शेवटचं अशासाठी, की ते पाठ नसलं तर माणूस धावपट्टीवर न उतरता घिरट्या घालत राहतो. असे वक्ते आपण सगळ्यांनी सोसलेत.

कार्ड पालथं ठेवून बोलायचं, हे मात्र कटाक्षानं पाळलं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग आहे. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवणारे. माझं नेमकं हेच चाललं होतं. कागद हातात धरून बोलले की ‘वा, झालं की पाठ’ असं वाटायचं आणि सकाळी दात घासताना सगळं पुसलेलं असायचं. कागद न बघता, चुकत, खाकरत, ‘थांब, थांब, सांगू नकोस’ म्हणत जे आठवलं ते मात्र टिकलं.

घरातल्या जागांना मुद्दे चिकटवायचा जुना प्रकारही करून पाहिला. रोमन वक्ता सिसरो त्याचं मूळ सांगतो: सिमोनिडीस नावाचा कवी मेजवानीतून काही कामानं बाहेर गेला आणि मागे छत कोसळलं. आतले लोक ओळखूही येईनात. कोण कुठे बसलं होतं, हे आठवून त्यानं एकेकाची ओळख पटवली. इतक्या भयंकर गोष्टीतून निघालेली युक्ती मी अगदीच घरगुती कामाला लावली. दारात पहिला दिवस, टेबलावर लाल शाई, कपाटात हिशेब, खुंटीला छत्री, गॅलरीत निरोप. चालत चालत बोलायचं. छत्री खुंटीला खरोखरच होती, त्यामुळे तो मुद्दा मी एकदाही विसरले नाही. हिशेब मात्र कपाटात अनेकदा राहून गेला.

आता छत्रीबद्दल सांगायला हवं. सर ऑफिसात एक जादा छत्री ठेवत, जो विसरेल त्याच्यासाठी. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मी ती नेली आणि हरवली. सांगायचा धीर झाला नाही. आठ दिवस मी त्यांची नजर चुकवत फिरले. नवव्या दिवशी त्याच जागी नवी छत्री लटकत होती. दांड्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: ‘हीसुद्धा हरवायला हरकत नाही.’

या चिठ्ठीपाशी माझा आवाज दर वेळी फुटायचा. पहिल्या चार तालमींत फुटला. पाचव्यांदा नाही फुटला. सातव्यांदा मी ते वाक्य असं म्हटलं, जसं स्टेशनवर गाडी कोणत्या फलाटावर येतेय ते सांगतात. मला धस्स झालं. एवढी तालीम केली की जे सांगायचं तेच मेलं! मग मी ठरवलं, छत्रीच्या गोष्टीची तालीम करायची, पण चिठ्ठीपाशी थांबायचं. ते वाक्य घरात म्हणायचंच नाही.

तालमीबद्दल लोकांची जी नाराजी असते, ‘मी आपला ऐनवेळी मनातलं बोलतो’ वगैरे, ती कुठून येत असेल ते मला त्या सातव्या वेळी कळलं. तरी मी त्यांच्या बाजूची नाही. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेला मजकूर सोडून स्वप्नाबद्दल बोलायला लागले. लिहिलेल्यात तो भाग नव्हता, हे खरंच. पण त्याच जूनमध्ये डेट्रॉईटच्या भाषणात ते स्वप्न त्यांनी मांडलेलं होतं. कागद बाजूला ठेवल्यावर हाताला लागेल असं काहीतरी आधीच मुरलेलं होतं. ज्यांच्याजवळ असं काही मुरलेलं नसतं, ते ऐनवेळी मनातलं बोलायला जातात आणि मनात तेवढं नसतं. आपल्याला अर्धा तास बसून ते बघावं लागतं.

मोबाईलवर रेकॉर्ड करणं हा सगळ्यात अपमानास्पद भाग. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडं नसतात, फक्त हवेतून गेलेलं असतं. ही चिरकी बाई कोण, असं वाटलं. आणि जगाला अठ्ठेचाळीस वर्षं हीच बाई ऐकू येतेय! ते पचवेपर्यंत मुलगा म्हणाला, “तू ‘खरं तर’ किती वेळा म्हणालीस, सांग.” मी म्हटलं, दोन-तीनदा. त्यानं मोजले होते. तेवीस. नऊ मिनिटांत तेवीस वेळा खरं. मग बाकीचं काय होतं?

ते काढायला आठवडा गेला. ‘खरं तर’ म्हणू नकोस, असं स्वतःला बजावून उपयोग नसतो; मग ‘ॲक्च्युअली’ येतं. तो शब्द म्हणजे विचार करायला घेतलेली उसंत असते. त्या जागी तोंड मिटून नुसतं थांबायचं, एवढंच करायचं असतं, आणि ते भलतंच अवघड आहे. एका सेकंदाची शांतता बोलणाऱ्याला युगासारखी वाटते. रेकॉर्डिंगमध्ये ऐकली तर वाटतं, बाई विचार करून बोलतेय.

वेळेचं गणित थोडक्यात सांगते. घड्याळ लावून पहिल्यांदा बोलले तेव्हा तेरा मिनिटं झाली, तीही कुणी हसत नसताना, टाळ्या नसताना. दहा मिनिटांसाठी आठ मिनिटांचं भाषण हवं. कापताना जिवावर येतं, पण कापलेलं कुणाला कळत नाही, हा मोठाच दिलासा आहे.

उरली भीती. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांचा २००३ मधला एक अभ्यास मी त्या दिवसांत वाचला. बोलणाऱ्याला वाटतं आपली धडधड सगळ्यांना दिसतेय; प्रत्यक्षात ती फारशी दिसत नाही. त्यांनी काही जणांना भाषणाआधी हे नीट समजावून सांगितलं, काहींना नुसतंच ‘घाबरण्यात काही गैर नाही, काळजी करू नका’ असं म्हटलं. ज्यांना समजावलं होतं ते जास्त चांगले बोलले. नुसत्या धीराचा तसा उपयोग झाला नाही. मला हे वाचून सूक्ष्म आनंद झाला, कारण ‘काही होत नाही गं, बिनधास्त बोल’ म्हणणाऱ्यांनी तोवर मला वीट आणला होता.

आणि तो दिवस. माझ्या आधीच्या गृहस्थांना दहा मिनिटं दिली होती, ते सत्तावीस मिनिटं बोलले. चार वेळा उतरायला आले आणि चार वेळा पुन्हा वर गेले. माझं नाव पुकारताना सूत्रसंचालिका कानाशी येऊन म्हणाली, “ताई, पाचच मिनिटं हं, प्लीज.” माईक त्या गृहस्थांच्या उंचीला लावलेला होता. तो खाली ओढताना त्यानं असा काही आवाज केला, की मागच्या रांगेतली दोन डुलकणारी माणसं जागी झाली. घशाला कोरड, गुडघ्यांत कापरं, सगळं यथासांग होतं. पण पाच कार्डांतली कोणती दोन ठेवायची, हे ठरवायला मला माईक ओढायला लागला तेवढाच वेळ लागला. पिसलेल्या पत्त्यांसारखीच तर बोलत होते मी दहा दिवस. हिशेब पुन्हा कपाटात राहिला. पहिला दिवस आणि थेट छत्री.

पाठ केलेलं पहिलं वाक्य तोंडानं आपसूक म्हटलं. मी त्या वेळात सभागृह पाहून घेतलं. छत्री हरवली, आठ दिवस गेले, नवव्या दिवशी चिठ्ठी. आणि इतके दिवस न म्हणता राखून ठेवलेलं वाक्य मी म्हटलं, “‘ही पण हरवली तरी हरकत नाही.’”

“हरवायला,” पहिल्या रांगेतून सर म्हणाले.

मी थांबले.

“‘हीसुद्धा हरवायला हरकत नाही’ असं लिहिलं होतं,” ते म्हणाले. आवाज न चढवता, अठरा वर्षं माझे मसुदे लाल शाईनं दुरुस्त करत होते त्याच सुरात. सगळं सभागृह हसलं, सर हसले, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. मी माईकमध्ये म्हणाले, “बघा, अजून तपासतायत,” आणि ते कुठल्याच कार्डावर नव्हतं. शेवटचं पाठ केलेलं वाक्य हाताशी होतं, ते म्हणून खाली उतरले. किती मिनिटं झाली, ते कुणी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मुलानं आधी विचारलं, “‘खरं तर’ किती?”

“नाही रे मोजले.”

“व्हिडिओ आलाय ना?” त्यानं मोबाईल घेतला, कानात इअरफोन घातले आणि खुंटीखाली भिंतीला टेकून बसला. मी पंखा लावून पाणी प्यायला वळले. घोट घेऊन मागे पाहिलं, तर त्यानं एक बोट वर केलं होतं.